जुन्या जपानी यंत्रांना वीज कोणती द्यावी?

प्रश्न : माझ्या काकांनी १९७९ साली ओसाकाहून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि पट्ट्यावर फिरणारा रेकॉर्ड प्लेअर कित्येक वर्षे माळ्यावर पडून होते. दोन्हींच्या मागे '१०० व्होल्ट' असे छापले असून प्लेअरवर '६० हर्ट्‌झ' असेही आहे. अमेरिकन वस्तूंसाठी मिळणारा ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर चालेल, असे दुकानदार सांगतात. तो घ्यावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कृपया घेऊ नये. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात असे म्हणतो खरे, पण रात्री उशिरा वापर कमी झाला की हा आकडा २५० पर्यंतही चढतो, आणि तेव्हा ११० चा ट्रान्सफॉर्मर आपल्या यंत्राला जवळजवळ १२० व्होल्ट देतो. एवढा जादा दाब चाळीस-पंचेचाळीस वर्षे जुन्या कंडेन्सरांवर टाकणे मला योग्य वाटत नाही. २३० चे १०० करणारा, दोन स्वतंत्र वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाल्याकडून करून घ्यावा. दोन्ही यंत्रांवर छापलेल्या वॅटची बेरीज करून त्याच्या दुप्पट क्षमता सांगावी. हेअर ड्रायरसाठी विकले जाणारे हलके कन्व्हर्टर मात्र टाळावेत.

जपानी पिनेच्या दोन चपट्या पात्या आपल्या मल्टिप्लगमध्ये सहज शिरतात, आणि घरातल्या कोणी ती चुकून थेट २३० वर लावली तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. म्हणून नव्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवरच चपट्या पिनेचे सॉकेट बसवून घ्यावे आणि यंत्राच्या वायरीला '१०० व्होल्ट' अशी चिठ्ठी बांधावी.

पहिल्यांदा वीज देताना ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडावा. तो क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जाण्यास हरकत नाही, पण लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजून बटण बंद करावे आणि यंत्र जाणत्या मेकॅनिककडे न्यावे.

आता हर्ट्‌झचा प्रश्न, जो ट्रान्सफॉर्मरने सुटत नाही. ओसाकाकडे वीज ६० हर्ट्‌झची, टोकियोकडे ५० ची आणि आपल्याकडेही ५० ची. प्लेअरची मोटर विजेच्या हर्ट्‌झवर फिरणारी असेल, तर ३३⅓ फेऱ्यांची तबकडी येथे मिनिटाला जेमतेम २७.८ फेरे घेईल आणि काळी चारमध्ये गायलेले गाणे पांढरी चारच्याही किंचित खाली ऐकू येईल. तबकडी ज्यावर ठेवतो ती फिरती थाळी उचलून मोटरच्या दांड्यावरची पितळी पुली पाहावी. ५० हर्ट्‌झची मूळ पुली मिळाली तर उत्तम, अन्यथा सध्याच्या पुलीच्या सुमारे १.२ पट व्यासाची पुली चांगल्या लेथवाल्याकडून करून घेता येते. अ‍ॅम्प्लिफायरवर '५०/६०' असे छापले असल्यास त्याला यातले काहीच करावे लागणार नाही.