कोपऱ्यातलं नाव कापलं, आतलं राहिलं

प्रश्न : मी साताऱ्यात फोटोग्राफी करतो. कास पठारावर हौसेनं काढलेला माझा फोटो एका रिसॉर्टनं फ्लेक्सवर आणि इन्स्टाग्रामवर लावला आहे. कोपऱ्यातलं माझं नाव कापलंय, पण सॉफ्टवेअरनं फोटोत दडवलेला वॉटरमार्क अजून सापडतो. पैसे घेऊन काढून दिलेला एका जोडप्याचा प्री-वेडिंग फोटोही त्यांनी वापरलाय. विचारलं तर म्हणतात, "व्हॉट्सॲपवर आला, नाव नव्हतं." काय करता येईल?

उत्तर : आधी दोन्ही फोटो वेगळे करू, कारण दुसऱ्यात तुमची बाजू लंगडी आहे. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार पहिला मालक तो ग्राहक. म्हणजे दावा लावायचा तर त्या जोडप्यानं. फोटो काढणारा म्हणून श्रेय मागण्याचा कलम 57 चा हक्क तेवढा तुमच्याकडे उरतो. जोडप्याला लगेच कळवा. आपला चेहरा फ्लेक्सवर आहे हे त्यांना कदाचित ठाऊकही नसेल.

कासचा फोटो मात्र सर्वस्वी तुमचा. त्यासाठी कॉपीराइटची नोंदणी असलीच पाहिजे असं नाही.

नाव कापण्याबद्दल 2012 च्या दुरुस्तीनं कलम 65ब आलं. कर्त्याचं नाव, मालकाचा पत्ता, वापराच्या अटी किंवा त्यांच्याऐवजी घातलेला सांकेतिक क्रमांक जाणूनबुजून काढून टाकला, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ती माहिती काढलेली आहे हे माहीत असून फोटो पसरवणाराही यात येतो. सगळी मेख 'जाणूनबुजून' या शब्दात आहे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की फाइलसोबतची मेटाडेटा माहिती (फाइलमध्येच नोंदलेलं नाव, तारीख वगैरे) आपोआप गळते. त्यात कुणाचा हेतू दाखवणार? कोपरा कापायला मात्र हात लागतो. तो कोणाचा, हे सिद्ध करावं लागेल.

रिसॉर्टची सबब दिवाणी दाव्यातही पुरती चालणार नाही. कॉपीराइट असल्याची कल्पना नव्हती, तसं वाटायला कारणही नव्हतं, हे त्यांनी सिद्ध केलं तरी कलम 55 प्रमाणे मनाई हुकूम आणि न्यायालयाला योग्य वाटेल तेवढा नफ्याचा वाटा तुम्हाला मिळू शकतो. शिवाय नोटीस हातात पडली की 'माहीत नव्हतं' ही ढाल गळून पडते.

पण नोटिशीची घाई नको. ती मिळताच पोस्ट उडेल. आधी फ्लेक्सचे आजूबाजूची जागा दिसेल असे फोटो घ्या, इन्स्टाग्रामवरची प्रत लिंकसह उतरवा आणि प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे फाइल बदलली तर बदलणारा तिचा ओळख-क्रमांक, काढून ठेवा. न्यायालयात या प्रतींसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं : एक भाग तुमचा, दुसरा तज्ज्ञाचा. जुन्या पुरावा कायद्यात हीच तरतूद 65ब होती, तेव्हा कॉपीराइटच्या 65बशी गल्लत करू नका. असं प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, हे जालन्याच्या अर्जुन खोतकर–कैलास गोरंट्याल निवडणूक खटल्यात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठणकावून सांगितलंय.

दडवलेल्या वॉटरमार्कवर फार विसंबू नका. तो पिक्सेलच्या उजळपणात सूक्ष्म फेरफार करून बसवलेला असतो, म्हणून कापाकापीतूनही तगू शकतो. पण शोधक सॉफ्टवेअर शेवटी जुळणीचा अंदाज देतं आणि उलटतपासणीत विरोधी वकील तिथेच बोट ठेवील. माझ्या मते तुमचा खरा पुरावा म्हणजे मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली फाइल) आणि तिच्या मागचेपुढचे फोटो : तेच पठार, ढग थोडा सरकलेला. असे चार फोटो रिसॉर्ट कुठून आणणार?

पोलिसांत जायचं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये निट प्रो प्रकरणात स्पष्ट केलं. तरी आधी दिवाणी मार्ग धरा. कलम 62 मुळे दावा साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयातच लावता येईल. इन्स्टाग्रामकडे लेखी तक्रारही करा; नियमांनुसार त्यांनी 36 तासांत फोटो रोखायचा असतो, पण 21 दिवसांत न्यायालयाचा हुकूम आणला नाही तर तो परत दिसू शकतो.

पुढच्या कामांसाठी एक. फोटो कोणत्या ग्राहकाकडून फुटला हे कळावं म्हणून काहीजण प्रत्येक प्रतीत ग्राहकाचा क्रमांक दडवतात. वापरणाऱ्याची ओळख पटवणारी अशी खूण, कॉपीराइटच्या 65बनं जपलेल्या माहितीच्या व्याख्येतून मुद्दाम वगळली आहे. ती पुसली तर 65ब लागत नाही. म्हणून आत स्वतःचं नाव घाला आणि कॉपीराइट कोणाकडे राहील ते ग्राहकाच्या सहीनिशी आधीच लिहून घ्या.