टांझानियाला तीन महिने सेवेला जाऊ का?

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. मी 24 वर्षांची, बी.एड. झालंय, कसबा बावड्यात राहते. आमच्या मंडळीतून एका संस्थेमार्फत टांझानियाच्या खेड्यात तीन महिने जायचं चाललंय, सकाळी शाळेत शिकवायचं आणि दुपारी वर्गखोल्या बांधायला मदत करायची. तिकीट धरून दीड लाख भरायचेत. पप्पा म्हणतात, गगनबावड्यात शाळा नाहीत काय? मला मनापासून जायचंय. काय करू?

उत्तर : जय ख्रिस्त गं. पप्पांचं म्हणणं रास्त आहे, पण त्या हिशेबानं अमेरिकेचे मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आलेच नसते आणि वॉनलेस डॉक्टर कॅनडातनं मिरजेला. फक्त एक बघ, वॉनलेस 1889 ला आले ते 1928 पर्यंत राहिले, मराठी शिकले, दवाखाना उभा केला आणि इथल्याच पोरांना डॉक्टरकी शिकवली.

मी टांझानियात दोन वर्षं शिकवलंय म्हणून सांगते. तिथं सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते. पहिल्या दिवशी वर्गात गेले तर पोरं उठून एका सुरात 'शिकामो' म्हणाली आणि तशीच उभी, मी गुड मॉर्निंग म्हटलं, बसा म्हणून हात केला, तरी एक जण बसेना. शेवटी पुढच्या बाकावरची एक चिमुरडी हळूच 'माराहाबा, माराहाबा' पुटपुटली, म्हणजे मोठ्या माणसानं नमस्कार घेतल्याचा शब्द, तो मी म्हटल्यावर सगळी खाली बसली. पहिले तीन-चार महिने भाषेतच गेले माझे. तुझी तर तेव्हा परत यायची वेळ झालेली असणार.

बांधकाम मात्र करू नकोस, स्पष्ट सांगते. गवंडी तिथं आहेत, कामाची वाट बघत बसलेत. मी पण हौसेनं घमेली उचलली (घमेल्याला तिकडं कराई म्हणतात, आपली कढईच ती), विटा लावल्या, पण ओळंब्यात एक येईना, तो गवंडी काही न बोलता माल खरवडून परत लावायचा. त्याचा दिवस माझ्यापायी गेला, आजही वाईट वाटतं. तो पैसा मजुरीला द्या.

संस्थेला विचार, तुझ्या आधी त्या वर्गावर कोण होतं आणि नंतर कोण येणार, तिथल्या शिक्षिकेच्या जोडीनं शिकवायला मिळेल का. टुरिस्ट व्हिसावर चला म्हणत असतील तर नाही म्हण, फुकट काम असलं तरी त्यावर चालत नाही. आणि प्रार्थनेला येईल त्याच्याच पोराला शाळा असला प्रकार असेल तर पाऊलसुद्धा ठेवू नकोस. पिवळ्या तापाची लस घ्यायची तर किमान 10 दिवस आधी, मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून.

वर्षभरासाठी घेतात का बघ, घेत असतील तर खुशाल जा. नाहीतर यंदा पप्पा म्हणतात तसं गगनबावड्यात शिकव, रात्री तासभर स्वाहिली कर आणि पुढच्या वर्षी मला परत लिही, तिथल्या माझ्या जुन्या हेडबाईंना मी स्वतः विचारते.