मिसिसागातल्या घरांचे भाव ठाण्यात बसून कसे बघाल?

तुम्ही विचारलंय की पीआर (कॅनडात कायम राहायचा परवाना) मंजूर झालाय, मार्चमध्ये निघायचंय, कोलशेतचा फ्लॅट विकून मिसिसागात घर घ्यायचं मनात आहे. तर तिथले खरे भाव इथूनच कळतील, का एजंट म्हणेल ते मानायचं? मी ठाण्याच्या नौपाड्यातली, २०१६ पासून इकडे कॅनडात. भाव कळतात. मात्र जाहिरातीत जो आकडा असतो तो भाव नसतो.

हे तुम्हाला ठाण्यात ठाऊकच आहे. घोडबंदर रोडवरचा एकच फ्लॅट पाच ब्रोकरांनी पाच भावांना टाकलेला, फोटो तिसऱ्याच टॉवरचे, आणि फोन केला की "तो कालच गेला हो, पण त्याच कॉम्प्लेक्समध्ये दुसरा आहे". म्हणून जाणकार माणूस आयजीआरच्या, म्हणजे सरकारी नोंदणी खात्याच्या साइटवर ई-सर्च करून सोसायटीतले दोन-चार इंडेक्स टू, म्हणजे झालेल्या व्यवहारांचे उतारे काढतो. मोबदला, क्षेत्रफळ, तारीख, सगळं त्यात असतं. (रोखीचं काय ते वेगळं!)

इथे जाहिराती स्वच्छ असतात. घर एमएलएसवर, म्हणजे एजंटांच्या सामाईक यादीत चढतं आणि बहुतेक साइट तिथूनच माहिती घेतात. रिअल्टर.सीए उघडा: खोल्यांची मापं, वर्षाचा प्रॉपर्टी टॅक्स, कॉन्डो (सोसायटीतला फ्लॅट) असेल तर मेन्टेनन्स, सगळं दिसेल. पण घर शेवटी कितीला गेलं, हे टोरोंटो परिसरात (मिसिसागा त्यातच आलं) वर्षानुवर्षं एजंटच बघू शकायचे. बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कॉम्पिटिशन ब्युरोने २०११ साली टोरोंटो रिअल इस्टेट बोर्ड या एजंटांच्या संघटनेविरुद्ध प्रकरण नेलं. बोर्डाने ग्राहकांच्या खासगीपणाचं कारण पुढे केलं, हरले, वर गेले, परत हरले. ऑगस्ट २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांचं अपील ऐकायलाच नकार दिला, तेव्हा कुठे विकलेल्या किमती लोकांना दिसायला लागल्या.

आम्हाला तो उशीर महागात पडला. फेब्रुवारी २०१७, एक टाउनहाऊस, जाहिरातीत ५,९९,००० डॉलर. आम्ही ६,१०,०००ची ऑफर लिहिली आणि वाटलं, चला, अकरा हजार जास्तच दिलेत. बाहेर बर्फ, आम्ही एजंटच्या गाडीत हीटर लावून थर्मासमधला चहा पीत बसलेलो, आणि आत जाणारे इतर एजंट मोजतोय. नऊपर्यंत मोजले, मग सोडून दिलं. घर सात लाखांच्या वर गेलं. त्या गल्लीत महिन्याभरात काय विकलं गेलं ते आधी दिसलं असतं, तर गेलोच नसतो. मुद्दाम कमी आकडा लावून एका रात्री सगळ्या ऑफर मागवायची ही पद्धत अजून आहे.

तेव्हा हाऊससिग्मासारख्या, विकलेल्या किमती दाखवणाऱ्या साइटवर नोंदणी करा. या साइट स्वतःच ब्रोकरेज, म्हणजे एजंट कंपन्या असतात, त्यामुळे अटींचं लांबलचक पान मान्य करावं लागतं, वाचून करा. मग नकाशावर गेल्या नव्वद दिवसांत विकलेली घरं लावा. प्रत्येक घराचा जुना इतिहास बघा. विकलं जात नसलं की जाहिरात काढून नवीन टाकतात, दिवसांचा काटा परत शून्यावर येतो. इतिहासात मात्र जुना, चढा भाव तसाच असतो. भावताव तिथून करायचा. साइटने काढलेल्या अंदाजी किमतीवर जाऊ नका. क्षेत्रफळही बरेचदा "१५०० ते २००० चौरस फूट" असं मोघम असतं आणि बेसमेंट त्यात धरत नाहीत.

भाड्याचंही तिथेच दिसतं, आणि पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. ऑन्टारियोत, म्हणजे आपल्या या प्रांतात, डिपॉझिट म्हणून शेवटच्या एका महिन्याचं भाडं घेता येतं, मोडतोडीसाठी वेगळी रक्कम नाही. घर दाखवायच्या आधी पैसे मागणारा चोर समजा.

परदेशी नागरिकांना घर घ्यायला इथे १ जानेवारी २०२७पर्यंत बंदी आहे. पीआरवाल्यांना ती लागू नाही, पण उतरल्याशिवाय तुम्ही पीआर होत नाही, त्यामुळे ठाण्यातून सही करायचा विचार सोडा. खरेदीवर लँड ट्रान्सफर टॅक्स लागतो. टोरोंटो शहरात प्रांताचा आणि शहराचा असा दोनदा, मिसिसागात एकदाच. पहिलं घर घेणाऱ्याला प्रांताच्या टॅक्समध्ये ४,००० डॉलरपर्यंत सूट मिळते. पण नावावर जगात कुठेही कधी घर असेल तर ती नाही. कोलशेत धरलं जातं, विकलंत तरी.

दहा-बारा विकलेली घरं काढून यादी इथे टाका. शनिवारी गाडी घेऊन दोन-तीन गल्ल्या बघून येते. हायवेचा आवाज आणि मागच्या हाय टेन्शनच्या तारा कुठल्याच फोटोत नसतात.