नव्या करारातला ‘धीर’ म्हणजे सोशिकपणा का?

प्रश्न असा आला आहे : नव्या करारात छळाचा, संकटांचा विषय निघाला की मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ‘धीर’ हा शब्द हमखास भेटतो. ‘संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा निर्माण होते’ हे पौलाचे वाक्य (रोमकरांस ५:३-४) बहुतेकांना पाठ असते. या धीराचा अर्थ सोशिकपणा असा घ्यायचा का? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न : श्रद्धेपायी ज्यांचे प्राण गेले त्यांना ‘रक्तसाक्षी’ म्हणावे की ‘हुतात्मा’?

पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते जरा ठासून द्यावेसे वाटते, कारण या गैरसमजापायी अनेकांना नको तो उपदेश ऐकावा लागला आहे.

मूळ ग्रीक शब्द आहे ‘हुपोमोने’. ‘हुपो’ म्हणजे खाली आणि ‘मेनो’ म्हणजे राहणे, थांबणे. वरून भार आला तरी त्याखालून न निसटता राहणे, असा त्याचा धात्वर्थ. जुन्या ग्रीक गद्यात शत्रू चालून आला असताना रांग न सोडणाऱ्या सैनिकासाठी हेच क्रियापद वापरलेले दिसते. आपल्याकडे अशा वेळी आपण तग धरणे, टिकाव धरणे, पाय रोवून उभे राहणे असे म्हणतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात मराठी भाषांतरकारांनी नेमके तेच केले आहे : ‘जो शेवटपर्यंत टिकून राहील तोच तारला जाईल’ (१०:२२). इथले ‘टिकून राहणे’ आणि रोमकरांस पत्रातला ‘धीर’ ही एकाच ग्रीक शब्दाची दोन मराठी रूपे आहेत.

‘सहनशीलता’ हा शब्दही मराठी शास्त्रात आहे, पण तो बहुधा वेगळ्या ग्रीक शब्दासाठी येतो. तो शब्द ‘माक्रोथुमिया’, म्हणजे ज्याचा राग लांब पल्ल्याचा, लवकर न भडकणारा. गलतीकरांस पत्रातल्या आत्म्याच्या फळांत ‘प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता’ असा क्रम आहे, तिथे हा शब्द आहे. ढोबळमानाने, त्रासदायक माणसांशी वागताना माक्रोथुमिया लागते आणि बिकट परिस्थितीत हुपोमोने. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात हा फरक जवळजवळ दिसतो : पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या जोडीला पहिला शब्द येतो, सर्वस्व गमावलेल्या ईयोबासाठी दुसरा.

भाषांतरकारांचा काटेकोरपणा पाहायचा असेल तर १ करिंथकरांस १३ उघडा. ‘प्रीती सहनशील आहे’ इथे माक्रोथुमियाचे क्रियापद आहे. पुढे ‘सर्व काही सहन करते’ इथे झाकणे, आडोसा देणे या अर्थाचे तिसरेच क्रियापद आहे. आणि त्याच ओळीच्या शेवटी ‘सर्वांसंबंधाने धीर धरते’ इथे हुपोमोनेचे. तीन ठिकाणी डोळे झाकून ‘सोसते’ लिहिता आले असते. त्यांनी लिहिले नाही, आणि माझ्या मते फार चांगले केले.

‘धीर’ या निवडीचे मला आणखी एका कारणासाठी कौतुक वाटते. रोजच्या मराठीत ‘जरा धीर धर’ म्हणजे थांब, घाई करू नकोस. पण ‘बोलायचा धीर झाला नाही’ यात धीर म्हणजे हिंमत. धीर सुटतो, खचतो, एकवटता येतो, आणि दुसऱ्याला देताही येतो. वाट पाहणे आणि हिंमत बांधणे हे दोन्ही अर्थ एका शब्दात आहेत. ‘पेशन्स’मध्ये हिंमत नाही. तो शब्द ज्या लॅटिन ‘पातिएन्शिया’वरून आला त्याच्या मुळाशी ‘भोगणे’ आहे, म्हणून इंग्रजीच्या वाटेने अर्थ लावू गेलो की निमूटपणाची छटा चिकटते.

एक सावधगिरी मात्र हवी. संस्कृतातला धीर पुरुष म्हणजे मनाला विकारच होऊ न देणारा. गीतेतही ‘समदुःखसुखं धीरम्’ असे म्हटले आहे. आरंभीच्या ख्रिस्ती लेखनातल्या धीरात ती अविचलता गृहीत नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये ७ मार्च २०३ रोजी पर्पेतुआ ही ख्रिस्ती स्त्री आणि तिच्या सोबत्यांना श्वापदांपुढे टाकले, त्यांची हकिकत उपलब्ध आहे. त्यांतली फेलिसितास ही दासी तुरुंगात आठ महिन्यांची गरोदर होती. गर्भवतीला देहदंड द्यायचा नाही असा कायदा असल्याने आपण मागे राहू, हीच तिला धास्ती. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या आणि ती ओरडू लागली. पहारेकऱ्यांपैकी एकाने हिणवले : आत्ताच एवढी कळवळतेस, तर श्वापदांपुढे काय करशील? तिचे उत्तर असे की, आत्ता जे सोसते आहे ते माझी मी सोसते आहे. तिथे माझ्यात दुसरा कोणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मीही त्याच्यासाठी सोसणार आहे. तिला मुलगी झाली आणि एका भगिनीने ती आपली म्हणून वाढवली. कळांनी किंचाळणाऱ्या या बाईच्या धीराला त्या मंडळीने कमी लेखले नाही. हकिकत लिहिणाऱ्याने तिचे ओरडणे झाकलेही नाही.

दुसरी चुकीची समजूत अशी की, टिकून राहणे म्हणजे संकट ओढवून घेणे. मत्तयात ‘टिकून राहील’ म्हटल्यावर लगेच पुढच्या वचनात येशू सांगतो की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा. म्हणजे सोडायची नसते ती जागा भूगोलातली नव्हे. स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प इ.स. १५५च्या सुमारास मारला गेला, त्याची हकिकत तिथल्या ख्रिस्ती मंडळीने पत्रातून कळवली आहे. त्यात क्विंटस नावाचा फ्रुगियातला एक जण येतो. तो स्वतःहून पुढे झाला, इतरांनाही पुढे केले, आणि श्वापदे दिसताच कचरला. शेवटी त्याने रोमन देवतांना यज्ञ केला, म्हणजे श्रद्धा सोडली. पत्र लिहिणारे स्पष्ट सांगतात की आपणहून हजर होणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही, सुवार्ता तसे शिकवत नाही. म्हातारा पॉलिकार्प मात्र आधी मळ्यावर, मग दुसऱ्या घरी लपला होता. सापडल्यावर त्याने पकडायला आलेल्यांना जेवायला वाढायला सांगितले आणि प्रार्थनेसाठी तासभर मागून घेतला. ८६ वर्षे मी ख्रिस्ताची सेवा केली, त्याने माझे काही वाईट केले नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू, हे त्याचे उत्तर पुढे प्रसिद्ध झाले. पत्राच्या शेवटाकडे एक वाक्य आहे : हुपोमोनेच्या बळावर त्याने अन्यायी अधिकाऱ्याला हरवले. तिथले क्रियापद झुंजीतले आहे. ‘सोशिकपणाने हरवले’ असे मराठीत लिहून पाहा, वाक्य बसत नाही. ‘धीराच्या बळावर हरवले’ सहज बसते.

हाच गुण समोरच्या, म्हणजे रोमन सत्तेच्या, बाजूने कसा दिसायचा? बिथुनिया या रोमन प्रांताचा सुभेदार प्लिनी याने ११२च्या सुमारास सम्राट ट्राजनला लिहिले की, मी आरोपींना ख्रिस्ती आहात का असे तीनतीनदा विचारतो, आणि जे ठाम राहतात त्यांना शिक्षेला पाठवतो. त्यांची कबुली काहीही असो, त्यांचा हट्ट आणि न वाकणारा हेकेखोरपणा तरी शिक्षेस पात्रच आहे. त्याला त्यांच्यात सोशिकपणा दिसला असता तर असा त्रागा झाला नसता.

आता अडचणीची जागा. १ पेत्र २:२० मध्ये घरगुती दासांना, कठोर धन्याच्या हाताखालच्यांनाही, याच क्रियापदाने सांगितले आहे, आणि तिथे मराठीत ‘सोसणे’, ‘सहन करणे’ हेच आणावे लागते. हे वचन कठीण आहे, त्याची धार मला बोथट करायची नाही. पण ज्यांना दुसरी वाटच नव्हती अशा माणसांना ते लिहिले आहे, आणि ‘निमूट’ ही छटा क्रियापदात नाही. मराठीत ‘सोशीक’ हे विशेषण बहुतेकदा सुनेला, बायकोला लावले जाते, आणि स्तुती म्हणूनच. ते विशेषण पवित्र शास्त्रात घुसले की मार खाणाऱ्या बाईला ‘धीर धर, शास्त्रात लिहिले आहे’ असे सांगणे सोपे होते. ज्या शब्दाने सत्तेपुढे न वाकणाऱ्या माणसांचे वर्णन झाले, त्याचा हा वापर मला सहन होत नाही.

‘रक्तसाक्षी’बद्दल थोडक्यात. ग्रीक ‘मार्तुस’ म्हणजे कोर्टातला साक्षीदार. प्रेषितांच्या कृत्यांत ‘माझे साक्षी व्हाल’ म्हटले आहे ते जिवंत माणसांना. जीव देऊन साक्ष देणारा हा अर्थ दुसऱ्या शतकात रुळला. अरबीतून आलेल्या ‘शहीद’च्या मुळाशीही साक्षच आहे. ‘हुतात्मा’त आहुती आहे, आणि मराठी कानाला त्यासोबत संयुक्त महाराष्ट्राचा लढा व मुंबईतला चौक आठवतो. शब्द चांगलाच आहे, पण साक्षीचा धागा त्यात नाही. ख्रिस्ती संदर्भात म्हणून मी ‘रक्तसाक्षी’च लिहितो.

आणि छळ सोसूनही जे जिवंत राहिले त्यांना काय म्हणावे? १७७ साली लिऑनमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) झालेल्या छळाचे पत्र चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने जपले आहे. त्यात असे कैदी आहेत की जे अनेकदा श्वापदांपुढून आणि चटक्यांतून परत आले. त्यांना कोणी ‘मार्तुस’ म्हटले तर ते रागावत. ते नाव ख्रिस्ताचे आणि जे गेले त्यांचे, आम्ही फक्त साधे कबुली देणारे, असे म्हणत. त्या ‘कबुली देण्या’चे ग्रीक क्रियापद मत्तय १०:३२ मध्ये आहे, आणि मराठीत तिथे ‘जो कोणी मनुष्यांसमोर मला पत्करील’ असे आले आहे. त्यामुळे या लोकांसाठी नवे नाम घडवण्यापेक्षा ‘ख्रिस्ताला उघड पत्करणारे’ असे लिहावे, हे बरे.