खांदेदुखीला तीन डॉक्टरांनी तीन नावं दिली, खरं कोणतं?

तुमच्या आईंना एकाने फ्रोझन शोल्डर सांगितलं, दुसऱ्याने इम्पिंजमेंट, आणि एमआरआयवर 'पार्शियल टेअर' आलं, म्हणजे स्नायूची दोरी थोडी फाटलेली दिसली. यातलं खरं काय आणि ऑपरेशन लागेल का, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे रिपोर्ट घेऊन आलेले पेशंट रोज बघते.

आधी फ्रोझन शोल्डर आहे की नाही ते ठरवा, कारण इथे नाव बदललं की उपचार खरंच बदलतात. आईंना उताणं झोपवा. कोपर नव्वद अंशात वाकवून बरगडीला टेकलेलं ठेवा, त्यांना हात सैल सोडायला सांगा आणि मनगट धरून दार उघडावं तसा पंजा हळूच बाहेर फिरवा. दुसऱ्या हाताच्या मानाने तो खूपच आधी अडत असेल, तुम्ही फिरवूनही जात नसेल आणि एक्स-रे स्वच्छ असेल, तर खांदा जखडलाय, म्हणजेच फ्रोझन शोल्डर आहे. अशा वेळी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्याच. मधुमेहात हे पुष्कळ दिसतं. दुखण्याचा जोर असताना मालिशवाल्याकडून हात ओढून घेऊ नका. त्या काळात सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने बऱ्याच जणांना आराम पडतो.

हात तुम्ही फिरवल्यावर छान फिरतो, पण स्वतःहून वरच्या फळीवरचा डबा काढताना कळ येते? मग इम्पिंजमेंट, टेंडिनायटिस, बर्सायटिस यातलं काहीही लिहिलं तरी सुरुवात एकच: हळूहळू वजन वाढवत नेलेले व्यायाम, निदान तीन महिने. मी फाइलवर 'रोटेटर कफशी संबंधित खांदेदुखी' एवढंच लिहिते; रोटेटर कफ म्हणजे खांदा फिरवणारे आणि धरून ठेवणारे स्नायू व त्यांच्या दोऱ्या. हाड स्नायूच्या दोरीला घासतं, ही इम्पिंजमेंटची कल्पना डॉ. नीअर यांनी 1972 साली मांडली आणि ते हाड तासायची ऑपरेशनं जगभर झाली. 2018 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत काही जणांचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली. दोन्ही गटांना पडलेल्या आरामात एकमेकांच्या तुलनेत जाणवण्याजोगा फरक नव्हता.

'टेअर' या शब्दाने माणसं फार घाबरतात, हात वापरायचाच सोडतात, आणि त्यानेच खांदा आणखी कमजोर होतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. 2011 च्या एका अभ्यासात खांदा अजिबात न दुखणाऱ्या, 40 ते 70 वयाच्या 51 पुरुषांची सोनोग्राफी केली, तर 96 टक्के जणांत काही ना काही बिघाड सापडला. त्यामुळे आईंच्या वयात रिपोर्टवरचं पार्शियल टेअर हेच दुखण्याचं कारण, असं धरून चालू नका. तेवढ्यावरून ऑपरेशनची तारीख तर मुळीच घेऊ नका.

मात्र पडल्यानंतर हात एकदम उचलेनासा झाला असेल, तर दोरी पूर्ण फाटल्याची शक्यता असते. ऑर्थोपेडिक सर्जनला त्याच आठवड्यात दाखवा. ताप येऊन खांदा लाल, गरम झाला असेल किंवा खांद्याबरोबर छातीत दुखून घाम फुटत असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा.