एक मे आणि तुझा प्रश्न

प्रिय चिऊस,

परवा १ मे रोजी मी आजीला फोनवरून महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा देत असताना तुझी गुजराती मैत्रीण म्हणाली की आज त्यांच्या गुजरातचाही स्थापना दिन आहे, आणि तू मला विचारलेस, "म्हणजे बाबा, तुम्ही वेगळे झालात तोच दिवस साजरा करता?" मला उत्तर देता आले नाही, आणि ते लागून राहिले आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी आणि गुजराती प्रदेशांचे मिळून एकच द्विभाषिक मुंबई राज्य झाले. तिकडे महागुजरातची आणि इकडे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ चालू होती. अहमदाबादला गोळीबार झाला, मुंबईतही झाला. तेव्हा तुझ्या मैत्रिणीचे आणि आपले दुःख एकाच जातीचे होते. वाद मात्र होता, आणि तो मुंबई कोणाची याचा होता, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

भाऊआजोबा परळच्या गिरणीत होते. २१ नोव्हेंबर १९५५ च्या मोर्चात ते फ्लोरा फाउंटनला होते. त्या दिवशी पोलिसांच्या गोळ्यांनी १५ माणसे गेली. "मी पळालो म्हणून उरलो," एवढेच ते सांगत, आणि पुढे विचारले की उठून अंगणात जात. गावी परतल्यावर दर १ मे रोजी ते पहाटे आंघोळ करून, पांढरे धोतर नेसून आमच्या शाळेच्या झेंडावंदनाला येत आणि सर्वांच्या मागे उभे राहत. आम्हा मुलांचे लक्ष झेंड्याकडे नसे, कारण त्याच दिवशी वार्षिक परीक्षेचा निकाल हाती पडायचा; मीही निकाल घेऊन त्यांच्या पुढून धावत घरी यायचो. त्यांच्याबरोबर एकदाही चालत आलो नाही, याची आज फार खंत वाटते.

१९८१ च्या १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि गुरुजींनी आम्हाला पत्त्यातला जिल्हा बदलून लिहायला सांगितले. मी आनंदाने लिहिला. कोणालाही इजा न होता रेघ अशीही ओढली जाते, हे मला तेव्हा उमगले नव्हते.

आणि तरीही बेळगावची आत्या आहेच. ती रेघेच्या पलीकडे राहिली. १ नोव्हेंबरला तिच्या रस्त्यावर कर्नाटकाचा राज्योत्सव असतो आणि तिच्या घरात काळा दिवस पाळतात. तिच्या शेजारणीचा आनंद खोटा आहे असे मला म्हणवत नाही, आणि आत्याचे दुःखही नाही.

तू हा दिवस पाळावास असा माझा आग्रह नाही. पुढच्या वर्षी मी सकाळी लवकर आंघोळ करून आजीला फोन लावीन. वाटले तर शेजारी येऊन बस, मैत्रिणीलाही बोलाव. आत्याला मात्र मी नेहमीसारखा २ तारखेलाच फोन करीन.

तुझा,
बाबा