रात्रभर वाचूनही मार्क का पडत नाहीत?

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता बेळगावात एमबीबीएस सेकंड इयरला. रात्री दोन-दोनपर्यंत वाचते तरी इंटर्नलला मार्क नाहीत, व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तर तोंडच उघडत नाही. मी कमी पडते का गं?

उत्तर : अगं नाही, डोकं कमी नाहीये तुझं, अभ्यासाची पद्धत चुकतेय. तेच पान चारदा वाचलं की ओळखीचं वाटतं आणि आपल्याला वाटतं आलं! अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, पण आठवड्यानंतर घेतली तर न बघता आठवून लिहिणारे पुढे. म्हणून इन्फ्लमेशन, म्हणजे दाह, वाचलंस की पुस्तक मिटव, कोऱ्या कागदावर लाली, उष्णता, सूज, वेदना, काम बंद पडणं ही त्याची लक्षणं आधी मराठीत लिही, मग तेच इंग्रजीत मोठ्यानं बोल, रूममेटला ऐकव, व्हायवात जीभ अडते ती बोलायची सवय नसते म्हणून. दोन-तीन दिवसांनी परत तसंच कर.

आणि झोप तोडू नको बाई, वाचलेलं डोक्यात पक्कं व्हायला झोप लागतेच.

वॉर्डात पेशंट कन्नड बोलतो तिथंही अडत असेल ना? ‘एल्लि नोवु?’ म्हणजे कुठं दुखतंय, ‘एष्टु दिवसदिंद?’ म्हणजे किती दिवसांपासून, अशी दहा-बारा वाक्यं सिस्टरांकडून शिकून घे, केस घेताना निम्मी भीती तिथंच जाते. घरी आईशीपण बोल गं, मार्क लपवून एकटी कुढत बसू नकोस.